कीस

भोसरी एमआयडीसी, रासने गिअर्स.
माळ्यावरचं हिशेबखातं, म्हणजे मी आणि एक पंखा.
खाली बारा लेथ, एकेचाळीस माणसं,
टेबलावर तीन कंपन्यांच्या तीन फायली:
यांच्या म्हातारपणाचा पैसा कोणाकडे ठेवायचा,
तुम्हीच बघा मॅडम, सोमवारपर्यंत.

पहिलीचा माणूस एप्रिलच्या उन्हात सूट घालून आला.
पुस्तिकेत समुद्रकिनारा, पांढऱ्या केसांचं पळणारं जोडपं.
सोपान ढमाले चष्मा वर करून म्हणाले,
यांना गुडघे नसावेत.
फी किती, मी विचारलं. अगदी नगण्य, तो म्हणाला.
नगण्य हे बटण माझ्या कॅल्क्युलेटरवर नाही.

दुसरीचा सगळा गोडवा फोनवर.
नोंदणीचं वेगळं, सांभाळण्याचं वेगळं,
नोकरी सोडली तर वेगळं, नाही सोडली तरी काहीतरी,
आणि सतराव्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात:
वेळोवेळी बदलू शकेल.
ती फाईल मी खुर्चीखाली ठेवली.

तिसरीकडून कोणी आलंच नाही.
एक ईमेल, एक तक्ता, शेवटच्या रकान्यात
शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैसे.
डायरी नाही, पेन नाही.

सूटवाल्याचे, चार फोन आणि दोन पत्रांनंतर,
निघाले दीड रुपया.

दीड रुपया! रासने हसले.
दीड रुपयात टपरीवर चहाचा वासही येत नाही.
किती कीस काढता, मॅडम!
शिवाय त्या कंपनीत त्यांचा साडू,
शिवाय ते पगाराचं सॉफ्टवेअर फुकट देणार होते.

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून
एका जुन्या चलनाच्या पाठीवर मांडलं:
महिना दोन हजार, अठ्ठावीस वर्षं,
बाजार देईल ते दोघांनाही सारखंच, धरू नऊ टक्के.
दहा पैसेवाल्याकडे एकोणतीस लाख एकोणसाठ हजार.
दीड रुपयेवाल्याकडे बावीस लाख शहात्तर.
मधले सहा लाख त्र्याऐंशी हजार.

पुन्हा केलं. तेवढेच.
मग खालच्या ओळीत, उगाच, लिहिलं
की माणसानं स्वतःच्या खिशातून भरले किती:
सहा लाख बाहत्तर.
भाजी गार झाली होती.

ढमाले कागद हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले,
बोटांचं ऑइल आकड्यांना लागलं.
टूल एकदम खात नाही, मॅडम, ते म्हणाले,
एका फेरीत केसभर. बघणाऱ्याला कळतही नाही.
फेऱ्या किती?
अठ्ठावीस.
मग गजाची सुई होते.

त्या रात्री चिखलीच्या घरी कपाटातून
मी माझा कागद काढला.
पंधरा वर्षांपूर्वीची पेन्शन पॉलिसी,
त्याच साडूनं आणलेली, त्याच समुद्रकिनाऱ्याची.
खाली माझी सही, वळणदार, तारखेसकट.
शुल्क हा शब्द अकराव्या पानावर होता.
पान कोरं करकरीत, कधी उघडलंच नव्हतं.
ही मी, जी पेट्रोलच्या बिलातले चार रुपये
ड्रायव्हरला परत विचारते.

सोमवारी भंगारवाला यासीनभाई आला.
लेथखालचा आठवड्याचा कीस पोत्यांत भरलेला,
निळसर, कुरळा, हात कापणारा.
रासने दर वेळी स्वतः काट्याजवळ उभे राहतात,
पाव किलोवरून हुज्जत घालतात, यासीनभाईही घालू देतात.
मी फाईल घेऊन शेजारी थांबले.

साहेब, म्हटलं, हाही कीसच.
हा आपण तोलून विकतो.
तो आपण न तोलता देणार आहोत.

ते काट्याकडे बघत राहिले.
काटा हलत होता, यासीनभाईंचा पाय पोत्याला लागला होता.
पाय काढ, रासने म्हणाले.
मग माझ्याकडे न बघता:
ठेवा आत. बघतो.

ठेवली आत.
सगळ्यात वर ते चलन,
पाठ वर करून.